लाख, मणी वजा जाता: आमची वाटचाल

नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत बाबा अठ्ठावीस वर्षं सोनेतारण विभागात होते. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे. दागिना आला की बाबा तो आधी कसोटीवर घासत, मग काट्यावर ठेवत. नंतर वाट्यांमधली लाख, पोतीतले काळे मणी, कुड्यांचे मोती असं एकेक वजा करत पावतीवर ‘निव्वळ वजन’ लिहीत. कर्ज मिळायचं ते त्या रकान्यावर. समोरच्या बाईंनी कितीही सांगितलं, “अहो, चांगला अडीच तोळ्यांचा आहे,” तरी तो आकडा हलत नसे.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या चार जणांच्या कंपनीचं काम त्याच जातीचं आहे. एका ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेली सामायिक नोंदवही) चालणारा विकेंद्रित कर्जाचा प्रोटोकॉल, म्हणजे बँकेशिवाय आपोआप कर्ज देणारा प्रोग्राम, दुसऱ्या, नव्या नेटवर्कवर नेऊन उभा करून द्यायचा. या प्रोटोकॉलमध्ये मॅनेजर नाही, जामीनदार नाही, सिबिल नाही. टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरचं डिजिटल चलन, तारण ठेवा आणि त्याच्या किमतीपेक्षा कमी रकमेचं कर्ज घ्या, एवढंच. तारणाचा भाव ठरलेल्या मर्यादेखाली उतरला की कुणीही तुमचं कर्ज फेडून ते तारण थोड्या सवलतीत घेऊन जातो. याला लिक्विडेशन म्हणतात. नोटीस येत नाही, मुदतवाढ मिळत नाही.

ऐरोलीतली नोकरी सोडून मी आणि माझ्या कॉलेजमधल्या मित्राने 2021 मध्ये सुरुवात केली. इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनवर तेव्हा एका व्यवहाराचं शुल्कच हजारो रुपयांवर जायचं, म्हणजे छोट्या माणसाने तिथे कर्ज घेणं परवडण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी आवे हा मोठा प्रोटोकॉल पॉलिगॉनवर आला. पॉलिगॉन म्हणजे 2017 मध्ये आपल्याच मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालेलं नेटवर्क. त्याच्या टेस्टनेटचं, म्हणजे चाचणीसाठीच्या नेटवर्कचं, नावही ‘मुंबई’ होतं. आमचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) त्या ‘मुंबई’वर चढलं. एप्रिल 2024 मध्ये ते टेस्टनेट बंद झालं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

पहिली दोन कामं बरी गेली. तिसऱ्या कामात मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर, कॉन्ट्रॅक्ट चढेचना. आमच्या संगणकावर सगळ्या चाचण्या हिरव्या, आणि तिथे दर वेळी ‘इनव्हॅलिड ऑपकोड’, म्हणजे ‘ही आज्ञा ओळखत नाही’. रात्री दोन वाजता कारण सापडलं. कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा सॉलिडिटी, तिची आम्ही 0.8.20 आवृत्ती घेतली होती. ती आपणहून पुश-झीरो नावाची नवी आज्ञा वापरते. इथेरियमवर ती एप्रिल 2023 च्या शांघाय सुधारणेत आली, पण आमच्या क्लायंटच्या नेटवर्कला अजून ठाऊक नव्हती. कोडचं आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या सेटिंगमध्ये शांघायच्या जागी पॅरिस, म्हणजे आधीच्या सुधारणेचं नाव, लिहिलं आणि काम झालं. एका शब्दाची दुरुस्ती, पण ती शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून नवं नेटवर्क हाती आलं की आज्ञांची तपासणी पहिल्या दिवशी करतो.

खरी अडचण मात्र कोडची नसते. कोड चार दिवसांत नेता येतो, त्याच्यामागचा बाजार नेता येत नाही. इथेरियमवर एखादं टोकन कोट्यवधी डॉलरचं विकलं जातं. त्याच नावाचं, ‘ब्रिज’वरून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन नेणारी सेवा) आणलेलं टोकन नव्या नेटवर्कवर कुणी घ्यायलाच नसतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरच्या मँगो मार्केट्स या व्यवहार-कर्जाच्या प्रोटोकॉलमधून 11 कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. प्रोटोकॉलच्याच टोकनचा बाजार इतका पातळ होता की भाव फुगवता आला, आणि त्या फुगलेल्या तारणावर बाकी सगळं उचललं गेलं. ती बातमी मी ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती.

पुढच्याच वर्षी एका परदेशी क्लायंटने त्यांचं स्वतःचं टोकन तारणात घ्या म्हणून आग्रह धरला. 100 च्या तारणावर 70 कर्ज, आणि एकूण घ्यायच्या तारणाची मर्यादा 50 लाख डॉलरची. आम्ही त्यांच्या नेटवर्कवरचे सगळे ‘लिक्विडिटी पूल’, म्हणजे जिथे ते टोकन विकता येतं ते साठे, तपासले. दोन लाख डॉलरचं टोकन एकदम विकायला काढलं तर भाव निम्म्यावर येत होता. मग 50 लाखांचं तारण लिक्विडेशनला आलं तर ते घेणार कोण? आणि बुडणार कोण, तर कर्जासाठी ज्यांनी विश्वासाने डॉलर ठेवले ते ठेवीदार. आम्ही हे आकडे मांडलेलं शीट पाठवलं, तीन कॉलवर समजावलं, शेवटी नाही म्हणालो. काम दुसरीकडे गेलं, चाळीस टक्के फी बुडाली. दोन महिन्यांचे पगार माझ्या मित्राने फ्लॅटसाठी साठवलेल्या पैशांतून दिले. ते आज फेडून झाले आहेत, पण त्या वेळी त्याने एकदाही “घेऊन टाकायला हवं होतं” असं म्हटलं नाही, हे इथे नोंदवायलाच हवं.

सहा महिन्यांनी त्याच क्लायंटकडे पूर्वी असलेल्या एका इंजिनिअरचा फोन आला. तो आता दुसऱ्या नेटवर्कवर होता. “ते शीट बनवणारेच हवेत,” म्हणाला. आमचं आजवरचं सगळ्यात मोठं काम ते.

फी आम्ही बँकेतच घेतो, टोकनमध्ये नाही. 2022 पासूनचा तीस टक्के कर आणि एक टक्का टीडीएस यांचा हिशेब ठेवत बसण्यापेक्षा ते सोपं आहे. शिवाय ज्या टोकनची आम्ही पारख करतो तेच आमच्या खिशात असू नये, असं मला मनापासून वाटतं.

बाबा निवृत्त झाले आहेत. गुरुवारी कोपिनेश्वरला जाऊन येताना ऑफिसात डोकावतात. एकदा स्क्रीनवरचं शीट बराच वेळ बघून म्हणाले, “भाव लिहिलायस, मर्यादा लिहिलीस. लिलावाला उभं कोण राहणार ते कुठंय?” दुसऱ्या दिवशी मी रकाना वाढवला: ‘घेणार कोण’. सध्या हातात असलेल्या नेटवर्कवर अकरा टोकन मागितली आहेत. सातांपुढे तो रकाना भरला आहे. उरलेल्या चारांची मर्यादा शून्य ठेवली आहे, आणि सोमवारच्या कॉलवर मी तेच सांगणार आहे.