फुईच्या घरातली लाइट

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई 78 वर्षांची. चोपडा तालुक्यात, तापीच्या पल्याड, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात एकटी राहते. मुलगा सुरतला. तो दर दिवाळीला न्यायला येतो आणि दर दिवाळीला एकटाच परत जातो.

दोन डिसेंबरांपूर्वी फुई पहाटे न्हाणीत घसरून पडली. साडेचारच्या सुमारास पडली आणि दूधवाला आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. मनगट मोडलं, खुबा वाचला. पण ओल्या फरशीवर तीन तास, तेही खान्देशातल्या डिसेंबरात. मी जळगावला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. वर्गात सेन्सरवर तास घेतो, आणि सख्खी फुई तीन तास पडून होती हे मला कळलं दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात. हा आकडा मी स्लाइडवर किती वेळा दाखवला असेल!

तर त्या जानेवारीत शेवटच्या वर्षाची चार पोरं घेऊन कामाला लागलो. पहिली कल्पना सगळ्यांना सुचते तीच, गळ्यात घालायचं लॉकेट. आत त्वरण मोजणारी चिप. माणूस पडताना क्षणभर वजनहीन होतो, मग दणका बसतो, मग हालचाल थांबते. ही तीन पावलं ओळखायची. पोरांनी हॉस्टेलातल्या गाद्या टाकून एकमेकांना पाडलं, दोन दिवस मजा केली, आणि प्रोग्रॅम झकास चालला.

फुईच्या गळ्यात घातल्यावर पहिल्याच सकाळी तो सहा वेळा कोकलला. फुई चुलीपुढे बसते ती हळूहळू नाही बसत. गुडघे दुखतात, म्हणून अर्ध्यापर्यंत वाकते आणि उरलेलं अंग सोडून देते. धप्प. मग भाकरी थापताना कमरेखालचं काही हलत नाही. वजनहीन, दणका, शांतता. यंत्राच्या हिशेबानं फुई रोज पाच-सहा वेळा पडत होती.

तेव्हा मी दुसऱ्यांनी जमवलेली माहिती शोधायला बसलो. कोलंबियातल्या संशोधकांचा 2017 सालचा सिसफॉल नावाचा संच आहे, बराच वापरला जातो. त्यात 23 तरुण आणि 15 वयस्क. वयस्कांना अर्थातच पाडलेलं नाही, ते फक्त चालतात, उठतात, बसतात. अपवाद एक साठीचा गृहस्थ, आणि तो निघाला ज्युदो खेळणारा! दोष त्यांचा नाही, म्हाताऱ्या माणसाला प्रयोगासाठी कोण पाडणार? पण चुलीपुढे धप्पकन बसणारी बाई त्यात असणार तरी कुठून.

लॉकेटचा निकाल शेवटी फुईनंच लावला. ‘हाई घंटी मना गळामा? मी काय गाय शे का?’ म्हणाली, आणि ते देव्हाऱ्यामागच्या खुंटीला अडकवलं. तिथे ते अजून आहे.

पुढच्या ऑगस्टात नवी पोरं आली. या खेपेला ठरवलं की फुईच्या अंगाला काही लावायचं नाही, घराला लावायचं. फुईचा दिवस विजेवर लिहिलेला असतो. पहाटे पाचला न्हाणीतला बल्ब, मग पाणी तापवायचा रॉड, नळाला पाणी आलं की छोटी मोटर, दुपारी पंखा. मीटरजवळच्या वायरीवर एक चिमटा बसवला की हे सगळं दिसतं. मुख्य वायरीवरून घरातली उपकरणं ओळखायची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीत काम करणाऱ्या जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात ती बसवली, आणि 1992 साली त्यांचा मोठा लेख आला.

चिमटा म्हणजे लोखंडी गाभ्याचं, उघडझाप होणारं कडं. वायर कापायची नाही, कडं तिच्याभोवती मिटायचं. पोरांनी पहिल्या दिवशी ते फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींभोवती मिटलं आणि शून्य आलं म्हणून अर्धा दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली. एका वायरीतून करंट जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो, कड्याच्या दृष्टीनं दोघांची बेरीज शून्य. मी मुद्दाम सांगितलं नाही. असलं काही अर्धा दिवस वाया गेल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

1000 वॅटचा रॉड 4 अँपिअरच्या वर ओढतो, तो लगेच सापडला. न्हाणीतला बल्ब मात्र 9 वॅटचा, म्हणजे 40 मिलिअँपिअरच्या आसपास, आणि आमचा चिमटा 100 अँपिअरचा. हत्तीच्या वजनकाट्यावर जिरं जोखायचं तसं झालं. शेवटी बल्बची वायर कड्यातून दहा वेळा ओवून घेतली, की चिमट्याला तोच करंट दसपट दिसतो. तिकडे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, साक्रीकडे 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे, आणि आम्ही चौघं-पाच जण न्हाणीतला 9 वॅटचा बल्ब धरून बसलेलो.

निरोप द्यायचा चुलतभावाला. तो मळ्यात राहतो, गावापासून अडीच किलोमीटरवर. मोबाइलवर भिस्त ठेवता येईना. फुईच्या घराच्या भिंती हातभर जाड मातीच्या, रेंज फक्त ओट्यावर, आणि लाइट बराच वेळ गेली की टॉवरही मान टाकतो. म्हणून लोरा वापरलं, म्हणजे थोड्या विजेत छोटे निरोप लांबवर नेणारा रेडिओ. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005पासून विनापरवाना खुला आहे, एक वॅटपर्यंत. लोरा कसं चालतं हे मी पोरांना असं सांगतो, की बांधावरून लांबच्या माणसाला आपण ‘ओ भाऊ’ असं तोडून म्हणत नाही, ‘ओ भाऊऽऽऽ’ म्हणून स्वर खालून वर ओढत नेतो. वाऱ्यात शब्द हरवतात, ओढलेला सूर पोचतो. लोराचं प्रत्येक चिन्ह म्हणजे असा एक चढता सूर. घाईची तऱ्हा घेतली तर तो एका मिलिसेकंदात संपतो, सगळ्यात संथ घेतली तर 33 मिलिसेकंद चालतो. जितका संथ तितका लांब जातो, पण मग बोलायचं फार थोडं.

कागदावर अडीच किलोमीटर काहीच नाही. पण मधे केळी. नोव्हेंबरात बाग माणसाच्या दीडपट उंच, पानाला पान लागलेलं, आणि केळीचा खांब म्हणजे जवळपास उभं पाणीच. रेडिओलहरी त्यात जिरतात. आमचे दहातले चार निरोप पोचायचे. भाऊ म्हणाला, ‘घड उतरले की बाग मोकळी होईल, तवर थांब.’ संशोधनाचं वेळापत्रक केळीच्या कापणीवर ठरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. थांबलो नाही. अँटेना फुईच्या धाब्यावर, डिशच्या पाइपाला बांबू जोडून चढवली. नऊ जायला लागले.

ऑक्टोबरात मी एक मूर्खपणा केला होता, तो आता सांगतो. तेव्हा फुईच्या घरातला दर मिनिटाचा करंट माझ्या फोनवर दिसायचा. एका सकाळी फोनवर बोलता बोलता मी सहज म्हणालो, ‘फुई, रात्री तीनदा उठलीस का गं? बरं नाही वाटत का?’

पलीकडे काही क्षण काहीच नाही. मग, ‘तुले कसं समजनं?’

मी मोठ्या कौतुकानं समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘रातले मी कितीदाव उठू, ते मनं मी देखसू. तुले काय करनं शे?’ आणि फोन ठेवला. शनिवारी गेलो तर चिमटा वायरीवरून काढून, फडक्यात गुंडाळून, कोनाड्यात ठेवलेला. तोडला नव्हता. चहा केला, शेव दिली, चिमट्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

परत येताना एसटीत मला हार्ट यांचा दुसरा लेख आठवला. 1989 साली, मोठ्या लेखाच्या तीन वर्षं आधी, त्यांनीच लिहून ठेवलं होतं की आपल्या या युक्तीनं घरातल्या माणसांवर पाळत ठेवता येते. मी तो एमटेकला असताना वाचला होता. परीक्षेत त्यावर चार मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं.

मग सगळं उलटं केलं. करंटचे आकडे फुईच्या घराबाहेर जात नाहीत. चिमट्याला जोडलेला डबा स्वतःच बघतो, स्वतःच ठरवतो, आणि बाहेर दोनच गोष्टी पाठवतो. ‘ठीक’ किंवा ‘जाऊन बघा’. किती वाजता उठली, कितीदा उठली, ते तिथेच दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. लोराला थोडं बोलणारी यंत्रं मानवतातच, त्यामुळे बॅटरीही वाचली. फुईला डबा उघडून दाखवला. तिला चिप काय कळणार म्हणाल, पण तिनं नेमका प्रश्न विचारला. सुरतेला यातलं काय दिसतं? मी म्हणालो, काहीच नाही. तेव्हा तिनं कोनाड्यातलं फडकं आणून दिलं. वर एक अट घातली, डब्याला बटण पाहिजे. लग्नाला, भजनाला, कुठेही गेली की ती ते दाबणार आणि डब्यानं गप्प बसायचं.

मळ्यातून भाऊ येईपर्यंत वेळ जातो म्हणून एक डबा शेजारच्या काकूंकडेही बसवला. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल आणि बझर म्हणजे जाऊन बघा.

खोटे गजर झालेच. एकदा पहाटेच लाइट गेली. बल्ब नाही, रॉड नाही, म्हणजे फुई उठली नाही असं डब्याला वाटलं. काकूंनी कडी वाजवली, भाऊ मोटरसायकलवर आला, आणि फुई हातात केरसुणी घेऊन दारात. ‘मी मरी गयी का काय?’ करंट नाही आणि लाइटच नाही, यात फरक करायचा असेल तर व्होल्टेजही मोजायला हवं, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग एप्रिलात रॉड बंद झाला, कारण धाब्यावरच्या टाकीतलं पाणी आपोआप कढत व्हायला लागलं. पुन्हा दोन दिवस लाल दिवा. उन्हाळ्यात फुई उठल्याची खूण वेगळी, रात्रभर चालणारा कूलर पहाटे बंद होतो. आता डब्याला ऋतू कळतात, म्हणजे आम्ही हातानं लिहून दिलेत.

मे महिन्यात बॅटरी गेली. सोलर पॅनल धाब्यावर, त्याच्याच पाठीला बॅटरीची पेटी, हा माझा आळस. सिलिकॉनचं पॅनल 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्का वीज गमावतं. आमचं पॅनल 70पर्यंत तापायचं, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा उन्हानंच खाल्ला. ते चाललं असतं. पण साधी लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि इथे मे महिन्यात सावलीतच 45. फुई बिबडे वाळत घालायला धाब्यावर गेली, तर पेटीचं झाकण वर आलेलं. खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळतायत आणि शेजारी माझी चपटी बॅटरी तळलेल्या पापडासारखी टम्म फुगलेली. या वयात ती शिडीवरून धाब्यावर चढते हे मला त्या बॅटरीमुळे कळलं. त्यावर कुठलाच चिमटा बसत नाही. आता लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे, खाली घरात, रांजणाच्या कोपऱ्यात, आणि फक्त वायर वर गेली आहे.

मेअखेरीस पोरांची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, अचूकता किती टक्के? पोरं माझ्याकडे बघायला लागली. नऊ महिन्यांत खोटे गजर 14. खरा गजर एकही नाही, कारण फुई पडलीच नाही. भागाकार कशाला कशानं करायचा? एक पोरगी धीटपणे म्हणाली, ‘सर, आजी पडल्या नाहीत.’ परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मार्क बरे मिळाले.

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला फुईचा फोन आला. ती आपणहून फोन करत नाही, माझ्या पोटात गोळाच आला.

‘काकूनी लाइट लागनी नई,’ म्हणाली.

मला अर्थ लागेना. मग कळलं की काकूंच्या पोरानं, जो गावात वायरमनच्या हाताखाली आहे, आमच्या एका पोराकडून जास्तीचा चिमटा मिळवून आईच्या मीटरवर बसवलाय. हिरवा-लाल दिवा फुईच्या ओसरीवर लावलाय. मला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. फुई रोज पहाटे चहा घेऊन त्या दिव्यापुढे बसते.

‘मग गेलीस का बघायला?’ मी विचारलं.

गेली होती. दाराला कुलूप. काकू आदल्या संध्याकाळी लेकीकडे यावलला गेल्या होत्या आणि बटण दाबायचं विसरल्या होत्या. फुई त्यांच्यावर सणकून चिडली होती, आणि मी फोन करून त्यांना तिच्या वतीनं दोन शब्द सुनवावेत असं तिचं म्हणणं होतं.