एमआरआयला निघण्याआधी करदोडा सोडा

चोपडा, यावल, शिरपूरकडून एमआरआयसाठी जळगाव-धुळ्याला येणारा पेशंट फाईल न विसरता आणतो, पण कमरेचा करदोडा तसाच राहतो. कपड्याखाली दिसत नाही, आणि त्यात ओवलेली किल्ली किंवा ताईत लोखंडी असू शकतो. साडीच्या आतली सेफ्टी पिन, ब्लाऊजचे हूक, कवळी, कानातलं मशीन, सगळं बाहेरच ठेवायचं.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक मोठा चुंबक. स्कॅन संपला म्हणून तो बंद होत नाही. रात्री खोलीला कुलूप असतं तेव्हाही तो चालूच असतो. १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकद. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेणाऱ्या नातेवाइकाचाच त्यात जीव गेला. म्हणून आत जाणाऱ्या नातेवाइकाचीही तीच तपासणी हवी.

सोन्याला चुंबक ओढत नाही, त्यामुळे ‘पोत राहू द्या’ असा आग्रह होतो. पण मशीनच्या रेडिओ लहरींनी धातू तापतो, कातडी भाजते, फोटोही बिघडतो. जोडवं निघत नसेल तर साबण लावून बघा. तरीही अडलं तर टेक्निशियनला सांगा, लपवू नका.

खरी चूक फॉर्म भरताना होते. ‘इम्प्लांट आहे का?’ विचारलं की आजोबा ‘नाही’ म्हणतात. त्यांना त्यांच्या बोलीत विचारा: छातीमा मशीन शे का? मेंदूच्या नसेला क्लिप लावली होती का? स्टेंट, रॉड, कॉपर-टी? यातल्या पुष्कळ गोष्टी चालतात, पण ते कार्ड किंवा जुना डिस्चार्ज कागद बघूनच ठरतं. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं ते छातीतलं मशीन, काही चालतात, काही नाही. अंदाजाने आत जायचंच नाही.

वेल्डिंग, लेथ, ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे नक्की सांगावं, वीस वर्षांपूर्वीचा असला तरी. उरलेला कण चुंबकाने हलला तर नजर जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील आणि किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर तेही आधीच सांगा.

आत झोपल्यावर हाताची बोटं एकमेकांत गुंफायची नाहीत. उघड्या मांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे पॅड मागून घ्या. कातडी जिथे कातडीला टेकते तिथे भाजू शकतं. गोंदण गरम लागलं, कुठे चटका जाणवला, तर हातातला रबरी फुगा लगेच दाबा. तो त्यासाठीच दिलेला असतो.