पेंटेकॉस्टचा मेळावा आणि जेवणानंतरचं भांडण

आमच्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीच्या, मंडळाचा वार्षिक मेळावा पेंटेकॉस्टच्या रविवारी असायचा. पेंटेकॉस्ट म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, ईस्टरनंतर सातव्या रविवारी. ईस्टर पुढंमागं होईल तसा तोही मे-जूनमध्ये सरकायचा. त्यामुळं एखाद्या वर्षी अंगाची नुसती लाही, तर एखाद्या वर्षी वळवानं मांडव झोडपलेला. सकाळी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, मग लिंबू-चमचा, बायबल क्विझ आणि जेवण. आजऱ्याकडची मंडळी घनसाळ तांदळाचं पोतं एसटीतनं घेऊन यायची. तो भात शिजायला लागला की वास थेट क्विझपर्यंत यायचा आणि पोरं मोशेची उत्तरं नोहाला द्यायची. पांढरा रस्सा मात्र कोल्हापूरकरांनीच करायचा, हा अलिखित करार. आजऱ्याच्या मावश्यांनी एकदा त्यात लक्ष घातलं होतं. त्यावर न बोललेलं बरं.

खरी गर्दी व्हायची ती जेवणानंतर. पत्रिकेवर ‘चर्चासत्र’ छापलेलं असे, आम्ही सरळ भांडण म्हणायचो. विषय काहीही ठरवा, कुटुंब ठरवा, व्यसनमुक्ती ठरवा, अर्ध्या तासात गाडी अन्यभाषांवर, म्हणजे प्रार्थनेत तोंडातनं निघणाऱ्या अनोळखी बोलांवर. काही घरं केरळात मुरिंगूरच्या डिव्हाईन रिट्रीट सेंटरला जाऊन आली होती. तिथनं आल्यावर त्यांची प्रार्थनाच पालटली. हात वर, टाळ्या, डोळ्यांत पाणी आणि मधेच कुणालाच न कळणारे शब्द. उरलेल्या निम्म्या पॅरिशला हे कॅथलिक वाटतच नव्हतं.

दोन्ही बाजूंचे वकील ठरलेले. एकीकडं पोस्टातनं रिटायर झालेले अंकल. त्यांच्या बायबलच्या नव्या करारात खुणेला एसटीची जुनी तिकिटं घातलेली असत. दुसरीकडं मिरजेला हॉस्पिटलात नर्स असलेल्या आक्का, मूळच्या केरळच्या, पण भांडायला लागल्या की पक्क्या कोल्हापुरी. अंकल करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडायचे. अन्यभाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे, असं संत पौल तिथं म्हणतो. अंकलनी वाचून झालं की आक्का उठून त्यांच्याच पुस्तकात आदल्या ओळीवर बोट ठेवायच्या. “आवो अंकल, हे का वाचत न्हाई? तुम्हा सगळ्यांपेक्षा मी जास्त अन्यभाषा बोलतो, देवाचे आभार, असं त्योच म्हणालाय की!” मग हशा. हे दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी आम्ही तितकेच हसायचो.

अंकलचा हुकमाचा पत्ता १६१४ चा. त्या वर्षीच्या रोमन विधिग्रंथात अनोळखी भाषा बोलणं हे भूतबाधेचं एक लक्षण म्हणून दिलंय. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मांडवात चिडीचूप. आक्कांचा चेहरा उतरला. मला अंकलचं बरंचसं पटायचं, पण तो वार अगदीच खालचा होता. फादरांनीच सावरलं. तिथं खरोखर अस्तित्वात असलेली, पण त्या माणसानं कधी न शिकलेली भाषा अभिप्रेत आहे, असं ते म्हणाले. शिवाय १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात भाषांचं दान कृपादानांत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या देणग्यांत मोजलंय, अट एवढीच की ते ख्रिस्तसभेच्या उभारणीसाठी असावं आणि पारख धर्मगुरूंच्या हाती.

फादर इतिहास सांगायचे तेव्हा पोरंसुद्धा ऐकत. फेब्रुवारी १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातली काही मुलं आणि प्राध्यापक रिट्रीटला म्हणजे प्रार्थना-शिबिराला गेले, तिथनं असल्या प्रार्थनेची ही कॅथलिक करिष्माई चळवळ सुरू झाली. १९७५ च्या पेंटेकॉस्टला पोप पॉल सहावे यांनी रोममध्ये यातल्या हजारो लोकांना भेट दिली. पोप फ्रान्सिसचा किस्सा नंतरच्या मेळाव्यांतला. हे लोक पवित्र उपासना आणि सांबा नाचाची शाळा यांत गल्लत करतात, असं आपण एकेकाळी म्हणालो होतो, हे त्यांनी स्वतःच २०१३ ला कबूल केलं. वर्षभरानं तेच पोप रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर यांच्या मेळाव्यात गुडघे टेकून होते.

एका वर्षी कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाचा १९७२ चा अभ्यास आणला. हे ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतूनच येतात, त्याला व्याकरण नसतं, असं त्याचं म्हणणं. अंकल खूश. आक्का शांतपणे म्हणाल्या, “मी भाषा बोलते असं कवा म्हटलं, बाई? मी प्रार्थना करते.”

त्यावर फादरांनी संत ऑगस्टीन काढला. शब्दांत मावत नाही असा आनंद झाला की माणूस शब्द सोडून नुसता गातो, असं त्यानं स्तोत्रांवरच्या प्रवचनात म्हटलंय. मग ते अंकलकडं वळले. अंकल देवल क्लबच्या मैफली न चुकवणारे, अल्लादिया खाँसाहेबांचं नाव निघालं की कानाला हात लावणारे. “अंकल, आलापाचा अर्थ तुम्ही कुठल्या डिक्शनरीत बघता?”

अंकल थोडे थांबले. “आलापाला राग असतो, फादर. मोकाट गाता येत नाही.”

“मग पौलानं तेच सांगितलंय. दोघं, फार तर तिघं, तेही पाळीपाळीनं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प.”

माझ्या मते त्या सगळ्या वर्षांतली ही सर्वात चांगली पाच मिनिटं.

खरा धक्का मात्र एका पाहुण्यानं दिला. कोल्हापुरात १८५२ पासून अमेरिकन मिशन; त्यामुळं आमच्या बऱ्याच घरांत एखादी सून नाहीतर जावई प्रॉटेस्टंट. असाच एक जावई उठून म्हणाला, “अमेरिका काय, केरळ काय! १९०५ ला केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत-ओरडत प्रार्थना करायला लागल्या, पुढं तिथं अन्यभाषाही झाल्या. अन्यभाषांची लाट जिथनं जगभर गेली म्हणतात, ते लॉस एंजेलिसचं अझुसा स्ट्रीट १९०६ चं.” म्हणजे ज्याला आम्ही बाहेरचं खूळ म्हणत होतो, ते दौंडजवळ आमच्या आज्यांच्या काळात होऊन गेलं होतं. अंकलनी खिशातनं तिकीट काढून त्यावर ‘केडगाव’ लिहून घेतलं.

पुढच्या मेळाव्यापासून चर्चेनंतर अर्धा तास करिष्माई प्रार्थना ठेवली. माईक नाही, एका वेळी तिघांपेक्षा जास्त नाहीत. सेक्रेटरीनं हे फळ्यावर खडूनं लिहिलं. घड्याळ लावायचं काम अंकलनी मागून घेतलं आणि आक्कांना त्यांनी एक मिनिटही जास्त दिलं नाही. त्या वर्षीच्या इतिवृत्तात नोंद आहे: ‘अन्यभाषा या विषयावर चर्चा झाली, निर्णय झाला नाही, पुढील वर्षी घ्यावा. भाड्याची पातेली परत करण्याची जबाबदारी आजरा गटाकडे.’