घोडीला तहान का लागली नाही

गेल्या ऑक्टोबरात मुंबईच्या दमट सकाळी लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठीचा तीन तासांचा सराव आटोपून घोडीला तबेल्यात आणले, तेव्हा तिच्या मानेवर पांढरा फेस साचला होता, कुशी आत गेल्या होत्या आणि समोरच्या बादलीकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नव्हती. मी घाबरून ओआरएसची दोन पाकिटे पाण्यात कालवली. आमचे मोतद्दारमामा म्हणाले, "ताई, हे जुलाबावरचं औषध. हिला कुठे जुलाब झालेत?" तेव्हा मला ती चेष्टा वाटली.

माणसाचा घाम रक्तापेक्षा बराच अळणी असतो. त्यामुळे घाम गेला की उरलेले रक्त खारट होते आणि मेंदूला तहान कळते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना किंचित अधिकच खारट असतो. शरीरातले पाणी घटते, पण रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि म्हणून निर्जलीकरण झालेला घोडाही पाण्याला तोंड लावत नाही. उष्ण आणि दमट हवेत घोड्याचा घाम तासाला 10 ते 15 लिटरपर्यंत जाऊ शकतो. त्यातला बराचसा न वाळता नुसता ओघळतो, म्हणजे मीठ जाते आणि अंग निवतही नाही.

एक लिटर घामातून साधारण 3 ग्रॅम सोडियम, 5 ते 6 ग्रॅम क्लोराइड आणि सव्वा ते दीड ग्रॅम पोटॅशियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या 20.5 ग्रॅमच्या पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोजच असते आणि सोडियम जेमतेम 1.7 ग्रॅम. दहा लिटर घामातले सोडियम भरून काढायला अशी सतराहून अधिक पाकिटे लागतील. याउलट 75 ग्रॅम साधे मीठ आणि 25 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एवढ्यात तिन्ही घटकांचा हिशेब जवळजवळ जुळतो.

मामांच्या बोलण्यातले खरे मर्म मला याच्याही नंतर उमगले. जुलाबात रक्त आम्लतेकडे झुकते, म्हणून ओआरएसमध्ये सायट्रेट घालतात. लांब पल्ल्याच्या घोड्याचे नेमके उलटे होते: क्लोराइड घटले की मूत्रपिंडे त्याच्या जागी बायकार्बोनेट राखून ठेवतात आणि रक्त अल्कधर्मी होते. त्यात कॅल्शियमची कमतरता पडली, तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कूस उडू लागते. असे दिसले की स्वारी तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवावे. अशा घोड्याला खाण्याचा सोडा, म्हणजे आणखी बायकार्बोनेटच, देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आपल्याकडे घोड्याविषयीचे बरेचसे ज्ञान महालक्ष्मीच्या मैदानावरून झिरपत येते, परंतु दोन-अडीच मिनिटांच्या शर्यतीत साचणाऱ्या लॅक्टिक आम्लावर सोड्याचा उतारा, हे गणित 160 किलोमीटरच्या वाटचालीला लागू पडत नाही.

दुसरी चूक बाजारातल्या क्षारांच्या पेस्टची. पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात ती दाबून भरली, तर इतके तीव्र मीठ रक्तातलेच पाणी आतड्यात ओढून घेते; शिवाय रिकाम्या जठराचा दाह होतो तो वेगळाच. आदल्या दिवशी भरमसाट मीठ चारून साठा करण्यातही अर्थ नाही, कारण जास्तीचे मीठ लघवीवाटे निघून जाते. साठा खरा असतो तो मोठ्या आतड्यात, तोही वैरणीमुळे टिकणारा. म्हणून चंदी (दाणा) कमी झाली तरी चालेल, पण सुके गवत कमी पडू देऊ नये.

आता सराव संपताच पहिली बादली लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेली आणि शेजारी दुसरी साध्या पाण्याची, असा आमचा क्रम आहे. खारट पाण्याने रक्ताचा खारटपणा टिकून राहतो आणि त्यामुळे पुढे साधे पाणीही अधिक प्यायले जाते. घोडीला हे सहजी पटले नाही. पहिले चार दिवस तिने नाक फेंदारून बादली लाथाडली आणि मामांनी ती मुकाट्याने पुन्हा भरून ठेवली. पाचव्या दिवशी ती प्यायली.