पल्याडच्या धुऱ्यावरचं झाड

माझं काम स्कायडायव्हिंग शिकवण्याचं. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेरच जातात. त्यामुळं त्या डिसेंबरात आमच्याच भागातल्या एका लहान धावपट्टीवर चार दिवसांचं शिबिर ठरलं, तेव्हा पैशाचं काही न विचारता मी हो म्हणालो. वर गेलं की उत्तरेला मांजरा धरणाचं पाणी चमकतं आणि खाली काळ्या रानात पोटरीत आलेली ज्वारी दिसते. लहानपणी याच ज्वारीतली पाखरं राखली होती. बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. बायका स्कायडायव्हर शीतल महाजनांचं नाव काढायच्या. २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली, हे बायकांच्या पक्कं लक्षात होतं.

माझ्याकडे केज तालुक्यातला एक पोरगा होता. पुण्यात नोकरीला, परदेशात जाऊन साठेक उड्या मारून आलेला. त्याला ट्रॅकिंग शिकायचं होतं आणि पुढं अँगल फ्लाइंग.

पोटावर आडवं पडलं तर माणूस ताशी १९०-२०० किलोमीटरनं खाली येतो. ट्रॅकिंगमध्ये हात मागं घ्यायचे, पाय ताठ करायचे, पायाची बोटं ताणायची, खांदे पुढं गोल करून छाती थोडी आत ओढायची. मग हवा अंगाखालून मागं जाते आणि शरीर पंखासारखं पुढं सरकायला लागतं. चांगला ट्रॅकर जवळजवळ जेवढा खाली येतो तेवढाच पुढं जातो. अँगल फ्लाइंग ही त्याच्या पुढची पायरी. तिथं डोकं खाली झुकवून तिरपं जायचं असतं. वेग ताशी २५० च्या पुढं जातो आणि पाच-सहा जण एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असतात. दिशा आणि कोन पुढारी ठरवतो. बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर काढायची नाही.

विमान ज्या रेषेवर माणसं सोडत जातं, तिला आम्ही जंप रन म्हणतो. ट्रॅकिंग करणाऱ्यानं त्या रेषेपासून काटकोनात बाहेर पडायचं, कारण मागून उतरणारे त्याच रेषेवर पुढं पुढं पडत असतात. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता, म्हणून जंप रन पश्चिमेकडून पूर्वेकडं. आम्ही दोघं आधी निघणार आणि दहा सेकंदांनी टँडेम जोडी, म्हणजे एक प्रशिक्षक आणि त्याला पट्ट्यांनी बांधलेला प्रवासी. आम्हाला उत्तरेला जायचं होतं.

दहा हजार फुटांवरून निघालो. पहिली काही सेकंदं पोरानं फार सुरेख काढली. पाय ताठ, दिशा बरोबर उत्तर. मी त्याच्या उजव्या अंगाला, थोडा मागं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मान वळली की खांदा झुकतो आणि खांदा झुकला की अख्खं शरीर वळतं. तो उजवीकडं, म्हणजे पूर्वेकडं वळला. माझ्याकडं बघत बघत तो सरळ जंप रनवर चालला होता.

मी वर बघितलं. टँडेमची वेग आवरणारी छोटी छत्री, ड्रोग, दिसली, आमच्याच दिशेनं मोठी होत येणारी. ट्रॅकर सावकाश पडतो, टँडेम त्याच्यापेक्षा वेगानं. त्या प्रशिक्षकाला खाली कोण आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता आणि त्याच्या छातीशी बांधलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच विमानातून बाहेर पडला होता.

खुणा करून भागणार नव्हतं. पण पोराची नजर माझ्यावरच होती. अंतर राखून मी त्याच्या मागून डाव्या बाजूला गेलो आणि जोर करून पुढं निघालो. मला शोधायला त्यानं मान डावीकडं फिरवली, तसा तोही वळला. टँडेम आमच्या उजव्या बाजूनं खाली गेलं. शंभर-दीडशे मीटर असेल. पुढं दोघांनी नीट वेगळं होऊन ठरल्या उंचीवर छत्र्या उघडल्या, पण माझे हात छत्रीखालीसुद्धा थरथरत होते.

उतरल्यावर टँडेमवाला चालत आला आणि एवढंच म्हणाला, "तुमचा पोरगा माझ्या खाली होता." मला मान वर करता आली नाही.

लिंबाखाली बसून हेल्मेटच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. कॅमेरा मी जमिनीवरच चालू केला होता. विमानात चढायच्या आधीचा माझाच आवाज आला: "काही झालं तरी माझ्यावरची नजर काढू नको." अँगल फ्लाइंगच्या गटाला मी हेच सांगतो, आणि तिथं ते बरोबर असतं. पण आज पुढारी तो होता. मी मागचा होतो. पोरानं चूक केली नव्हती, सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. त्याला मी तसं बोलून दाखवलं आणि टँडेमवाल्याकडं जाऊनही सांगितलं.

पोराचे वडील शेजारीच बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "सर, आमच्यात नव्या गड्याच्या हातात पेरणीची तिफण दिली की तो बैलाकडंच बघायलाय, नाहीतर बी सोडायच्या चाड्याकडं. तास वाकडं जातंय. त्याला म्हणावं लागतंय, पल्याडच्या धुऱ्यावरचं झाड धर. बैल आपोआप सरळ जातेत."

कित्येक वर्षं शिकवतोय, पण एवढं सोपं मला सुचलं नव्हतं. दुपारभर आम्ही पोराला बाजेवर पालथा घालून सराव केला. हात मागं, पाय ताठ, हनुवटी किंचित वर. वडील उत्तरेच्या कुंपणापाशी काठी घेऊन उभे राहिले. मी बाजेच्या दोन्ही बाजूंनी फिरत त्याला हाका मारायचो. तिसऱ्या-चौथ्या हाकेपर्यंत मान हलायची, मग हलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात बसायच्या आधी त्याला विचारलं, कुठं जायचं? त्यानं हात लांब करून धरणाजवळच्या धनेगावच्या दिशेला बोट दाखवलं. वर दार उघडल्यावर परत विचारलं. धरणाचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. त्यानं तिकडं बोट केलं आणि निघाला.

मी कालच्यासारखाच त्याच्या उजव्या अंगाला, थोडा मागं. त्यानं एकदाही मान वळवली नाही.