स्लो पडलीय? आधी स्क्रूवरचा हात काढा

थांबलेल्या गाडीत आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 800 वरून 500 वर घसरतो, स्टीअरिंग थरथरतं, हेडलाइट किंचित मंद होतात आणि कधीकधी इंजिन गपकन बंद पडतं. यावर सगळ्यात लोकप्रिय इलाज म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्लो, म्हणजे पायाने पेट्रोल न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो आयडलिंगचा वेग, चढवणे. दोन मिनिटांत गाडी गप्प बसते. पण बहुतेक वेळा ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत असते. आयडलिंगला इंजिन अगदी थोड्या हवेवर चालतं, त्यामुळे हवा, पेट्रोल, स्पार्क किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांतली जरा कुठे खोट असली तरी ती तिथेच पहिली दिसते. 2500 आरपीएमवर तीच खोट झाकली जाते.

मोजायच्या आधी इंजिन पूर्ण गरम हवं. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला पाहिजे. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं आयडलिंग साधारण 700 ते 900 असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळतो. काटा 800 वर स्थिर असूनही केबिन हादरत असेल तर आयडलिंगचा पिच्छा सोडा, इंजिन माउंटिंगचं रबर बघा. ते फाटलं किंवा दबलं की लक्षणं हुबेहूब हीच.

मग स्वतःला एक प्रश्न विचारायचा: स्लो नेमकी कधी पडते? फक्त थंड इंजिनवर पडत असेल तर कार्बोरेटरच्या गाडीत चोक किंवा फास्ट आयडल कॅम (थंडपणी वेग वाढवणारा भाग) बघा, इंजेक्शनच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत कूलंट टेम्परेचर सेन्सर. काही गाड्यांत थंडपणी जादा हवा देणारा मेणाचा व्हॉल्व असतो. तो कूलंटच्या उष्णतेवर चालतो. एसी लावल्यावर किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच पडत असेल तर आयडल-अपची (भार आला की वेग सावरणारी) यंत्रणा काम करत नाही. पेट्रोल भरल्यावर काही मिनिटंच गडबड होत असेल तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व उघडा अडकलाय. आणि कायमच पडत असेल तर पुढे वाचा.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीत पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमीजास्त करणाऱ्या भागावर. इनटेकचा पाइप काढा, थ्रॉटलची पाकळी बोटाने उघडा आणि टॉर्चने कड बघा. पाकळी बंद असताना जिथे टेकते, नेमक्या तिथे भिंतीवर काळ्या डांबरासारखी बारीक कडी जमलेली दिसेल. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेने ती तयार होते. आयडलिंगची हवा कडेच्या केसाएवढ्या फटीतून जाते आणि ही कडी तीच फट बुजवते. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारून पुसायचं, बाटली थेट आत ओतायची नाही. पाकळी केबलने न चालता मोटरने चालत असेल तर ती हाताने ढकलू नका, आतले गिअर खराब होतात.

शेजारीच आयडल कंट्रोल व्हॉल्व असतो. तो पाकळीला वळसा घालून हवा देतो. काढून त्याचं टोक आणि बसायची जागा स्वच्छ करा. टोकाची दांडी हाताने ओढू-दाबू नका, आणि गॅस्केट नवं घाला. व्हॉल्व सोलेनॉइड प्रकारचा असेल तर चालू इंजिनवर कनेक्टर काढल्यावर आरपीएम बदलले पाहिजेत. ढिम्म फरक नसेल तर व्हॉल्व अडकलाय किंवा त्याच्यापर्यंत सिग्नलच पोचत नाही. साफसफाईनंतर पहिल्या दिवशी आयडलिंग वरखाली झालं तर घाबरू नका; ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) जुन्या घाणीचा हिशेब धरून ठेवलेला असतो, तो त्याला नव्याने शिकावा लागतो.

व्हॅक्यूम लीकबद्दल (फटीतून चोरून आत शिरणाऱ्या हवेबद्दल) एक घोळ कायम होतो. लीक असली की आरपीएम वाढतात, असं सरसकट मानलं जातं. ते सगळ्या गाड्यांत खरं नाही. मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या गाडीत चोरून आलेली हवासुद्धा हिशेबात येते, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंग चढतं. एअर फ्लो मीटरच्या गाडीत मात्र मीटरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग पडतं आणि मिसिंग येतं (मध्येमध्ये एखादा सिलिंडर पेट घेत नाही). कार्बोरेटरवालीचंही तेच. तडकलेले रबरी पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ इंजिनात नेणारा) कोपऱ्यातला वाकडा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी ही नेहमीची ठिकाणं. बूस्टरची नळी चिमटीत धरून बंद केली आणि इंजिन सुधारलं, तर लीक बूस्टरमध्ये आहे. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून लीक शोधण्याची पद्धत सर्रास चालते. पण एक्झॉस्टजवळ ती सरळ आगीला आमंत्रण आहे. साबणाचं पाणी फवारा. जिथे ते आत ओढलं जातं आणि इंजिनाचा सूर बदलतो, तिथेच लीक.

व्हॅक्यूम गेज असेल तर अर्धं काम झालं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं आणि काटा हलत नाही. दर हजार फूट उंचीला साधारण 1 इंच वजा करा. काटा स्थिर पण खाली असेल तर स्पार्कचं टायमिंग मागे गेलंय (ठिणगी उशिरा पडतेय) किंवा लीक आहे. ठरावीक ठेक्याने खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व नीट बसत नाही. टॅपेट (व्हॉल्व उघडणारे भाग) फार घट्ट झाले की हेच होतं, आणि घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून कुणी तिकडे बघत नाही. कॉम्प्रेशन मोजताना आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. 15 टक्क्यांच्या वर गेला तर स्लो सेट करून काही उपयोग नाही.

कुठला सिलिंडर आळशी आहे हे बघायला एकेका इंजेक्टरचं कनेक्टर थोडा वेळ काढा. ज्याचं काढल्यावर आरपीएम पडत नाहीत, तो कामचुकार. प्लगची वायर उघडी लोंबकळत ठेवून ही चाचणी करू नका: झटका बसतो आणि इग्निशन मॉड्यूलही जळू शकतं.

आता कार्बोरेटर. आयडल सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल विजेने उघड-बंद करणारा व्हॉल्व) असेल तर चालू इंजिनवर त्याची वायर काढा. इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही तर आयडल जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तुंबलाय आणि इंजिन भलत्याच वाटेने पेट्रोल पितंय. स्लोचा स्क्रू फार आत फिरवला की पाकळी उघडते, वरची छिद्रं उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून येतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक शून्य. अशा वेळी जेट काढून हवेने फुंका. तार खुपसली की छिद्र मोठं होतं.

सगळं ठीक झाल्यावरच सेटिंग. मिक्स्चर स्क्रू अलगद आत टेकवा, जोर लावला तर टोकाला खाच पडते. मग दीड ते अडीच फेरे बाहेर. स्लोच्या स्क्रूने 800 आणा, मिक्स्चर स्क्रूने आरपीएम जास्तीत जास्त करा, स्लो पुन्हा 800 वर उतरवा. वाढ थांबेपर्यंत हे दोन-तीनदा. शेवटी मिक्स्चर इतका आत घ्या की आरपीएम नुकते पडू लागतील, आणि तिथून किंचित मागे.

इंजेक्शनच्या गाडीत पाकळीच्या स्टॉप स्क्रूला हातच लावायचा नाही. तो हलला की ईसीयूला पाकळी बंद असल्याचा सिग्नल मिळत नाही आणि तो आयडलिंग सांभाळणंच सोडून देतो. आधी कुणी तो फिरवला असेल, तर त्यावरचा कारखान्याचा रंग तुटलेला दिसेल.