नदी बघायला आलास? का, तुमच्याकडे नद्या नाहीत?

मंगो पार्क नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर जुलै 1796 मध्ये सेगूला पोचला, म्हणजे आजच्या माली देशात, नायजर नदीच्या काठावर. वाटेत कैदेत पडून झालं होतं, सामान लुटलं गेलं होतं, घोडा मरायला टेकला होता, आणि मग सकाळच्या उन्हात समोर ती नदी, वेस्टमिन्स्टरपाशी थेम्स असते तेवढी रुंद आणि पूर्वेकडे वाहणारी. युरोपातले विद्वान तोवर ती पूर्वेला वाहते की पश्चिमेला यावरून भांडत बसले होते. पठ्ठ्या घाईघाईने काठावर गेला, पाणी प्यायला, देवाचे आभार मानले. आणि नदीवर तेव्हा काय चाललं होतं? तर होड्या भरभरून माणसं पलीकडे चालली होती, घोडेसुद्धा होडीतून नेत होते, अगदी रोजचं ट्रॅफिक. सेगूत तीसेक हजार लोक राहत असावेत असा अंदाज पार्कनेच लिहून ठेवलाय.

राजा त्याला भेटला नाही, पण पुढच्या खर्चाला 5000 कवड्या पाठवल्या आणि सोबत एक वाटाड्या दिला. त्या वाटाड्याला कळलं की हा बाबा एवढ्या लांबून, एवढे हाल सोसून फक्त नदी बघायला आलाय. तर त्याने सरळ विचारलं, तुमच्या देशात नद्या नाहीत का, आणि एक नदी दुसरीसारखीच नसते का?

हे मी कुठल्या टीकाकाराच्या लेखात वाचलेलं नाही, पार्कच्या स्वतःच्या पुस्तकात आहे. आणि मला नेमकी हीच गोष्ट भारी वाटते. सध्या या आफ्रिकेत फिरलेल्या मंडळींची प्रवासवर्णनं वाचतोय (जुनी असल्यामुळे नेटवर फुकट मिळतात, फक्त चिकाटी लागते कारण पानंच्या पानं तापमान आणि हगवण), आणि वाचताना सारखं जाणवतं की “अमुकने तमुक शोधून काढलं” हा दावा पाडायला बाहेरचा पुरावा लागतच नाही. त्यांनी स्वतःच सगळं लिहून ठेवलंय, कोणी वाट दाखवली, कोणी होडी दिली, कोणाला आधीपासून माहीत होतं. तरी पदकावर आणि शाळेच्या पुस्तकात एकच नाव उरतं.

लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाचंच घ्या. व्हिक्टोरिया धबधबा, नोव्हेंबर 1855. पण त्याला त्याची खबर आधी चारेक वर्षांपासून होती. 1851 मध्ये तो मकोलोलो लोकांच्या सेबितुआने या राजाला भेटला, तेव्हा राजानेच विचारलं होतं की तुमच्या देशात आवाज करणारा धूर असतो का. म्हणजे धबधब्याची माहिती साहेबाला प्रश्नाच्या रूपात आयती मिळाली! पुढे सेबितुआनेचा मुलगा सेकेलेटू याने माणसं दिली, हस्तिदंत दिलं, होड्या दिल्या, म्हणजे आजच्या भाषेत अख्खी ट्रिप स्पॉन्सर केली. धबधब्याच्या अलीकडे छोट्या होडीत बसवून, नदीची नस ओळखणाऱ्या नावाड्यांनी भोवरे चुकवत, खडकांच्या आडोशाच्या संथ पाण्यातून त्याला बरोब्बर कड्याच्या टोकावरच्या बेटावर नेऊन उतरवलं. जरा चुकलं असतं तर साहेब, होडी आणि वही सगळंच खाली. आता असली वाट ज्यांना पाठ आहे ते तिथे आदल्या दिवशी आलेले नसणार ना.

त्या बेटावर पालथं पडून त्याने खाली वाकून बघितलं, आणि लिहिलं की युरोपीय डोळ्यांनी हे याआधी कधी पाहिलं नव्हतं. युरोपीय डोळ्यांनी, हे तो स्वतः नीट स्पष्ट लिहितो. आणि थोडं पुढे तोच सांगतो की धबधब्याजवळ तीन ठिकाणी बाटोका लोकांचे तीन सरदार पूर्वजांना प्रार्थना आणि बळी अर्पण करत असत, त्या तीनपैकी एक जागा म्हणजे हेच बेट. मग याच बेटावर त्याने झाडाच्या सालीत आपली आद्याक्षरं आणि 1855 कोरलं! असला मिरवण्याचा प्रकार आपण आयुष्यात एवढ्या एकाच वेळी केला अशी कबुलीही देऊन टाकली. माणूस प्रांजळ होता हो, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तळमळीने लिहिणारा होता, म्हणून तर हे वाचताना जास्त विचित्र वाटतं. दुसऱ्यांचं पूजास्थान आहे हे माहीत आहे, लिहिलंय, आणि नाव राणीचं ठेवलं. (मकोलोलोही तसे दक्षिणेतून आलेले, तिथे नवेच, आणि ते धबधब्याच्या जवळ जायला बिचकायचे हेही त्याने लिहिलंय. म्हणजे “आफ्रिकी लोकांना माहीत होतं” म्हणताना कोणत्या लोकांना हे विचारायला पाहिजे, सगळा खंड म्हणजे एक गाव नाही.)

नाईलच्या उगमाची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. 1850 च्या दशकात मोंबासाजवळ राहणाऱ्या एर्हार्ट आणि रेबमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी एक नकाशा केला, आत खोलवर न जाता, किनाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारून विचारून. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून निघणारे तांडे सगळेच सांगायचे की आम्ही शेवटी मोठ्या पाण्यापाशी पोचतो, म्हणून यांनी मधे गोगलगाईसारखं एकच अवाढव्य तळं काढलं. लंडनमध्ये लोक हसले, पण त्याच नकाशाची शहानिशा करायला बर्टन आणि स्पीकला या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पाठवलं. ते काझेला, म्हणजे आजच्या टांझानियातल्या टबोराला पोचले तेव्हा स्ने बिन आमिर नावाच्या अरब व्यापाऱ्याने त्यांना सांगून टाकलं की तळं एक नाही, तीन वेगळी आहेत, आणि उत्तरेचं सगळ्यात मोठं आहे. झालं, उत्तर मिळालं. बर्टन आजारी होता म्हणून मागे राहिला, स्पीक उत्तरेला गेला आणि 3 ऑगस्ट 1858 ला त्याला ते पाणी दिसलं. तेही नुसतं दक्षिणेचं टोक. तेवढ्यावर त्याने हाच नाईलचा उगम म्हणून जाहीर केलं, तळ्याला पुन्हा राणीचंच नाव (कल्पनाशक्तीचा दुष्काळ बघा), आणि 1861 मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक घेतलं.

आता यातली माझी आवडती गोष्ट. स्पीकला ना धड अरबी येत होतं ना स्वाहिली. त्याचा सगळा कारभार चालायचा सिदी मुबारक बॉम्बे या माणसामार्फत. हा मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पश्चिम भारतात एका व्यापाऱ्याकडे राहिला, मालक मेल्यावर मोकळा झाला आणि झांझिबारला परतला. नावातलं बॉम्बे ते हेच. त्यामुळे तळ्याकाठचा माणूस स्थानिक भाषेत सांगणार, बॉम्बे ते ऐकणार आणि स्पीकला मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत समजावणार! नाईलच्या उगमाची चौकशी हिंदुस्तानीतून झाली हे कोणत्या इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं सांगा. बॉम्बे पुढे स्टॅनली या दुसऱ्या प्रवाशाबरोबर गेला, मग कॅमेरॉन नावाच्या तिसऱ्याबरोबर पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत अख्खा खंड ओलांडला. शेवटी सोसायटीने 1876 मध्ये त्याला एक रौप्यपदक आणि पेन्शन दिलं. स्पीकला सोनं, याला चांदी.

या साहेबांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. अक्षांश-रेखांश मोजले, उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून उंची काढली, तुकड्यातुकड्याने माहीत असलेलं एका कागदावर जोडलं. सेगूच्या नावाड्याला त्याचा पट्टा पाठ होता, पण नदी शेवटी समुद्राला कुठे मिळते हे लँडर बंधूंनी 1830 मध्ये होडीतून जाऊन दाखवलं, ते काम खरंच आहे. फक्त तो नकाशा नंतर कोणाच्या हातात गेला आणि कशासाठी वापरला गेला हेही त्याच कागदावर वाचावं लागतं. 1884-85 च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेचं भवितव्य ठरवायला बसलेल्यांत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता.

आणि एक धागा थेट आपल्या नाशिकपर्यंत येतो. समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणायचे, त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली. लिव्हिंगस्टनने 1866 च्या शेवटच्या मोहिमेत त्यातली नऊजण बरोबर घेतली, कागदोपत्री त्यांना “नासिक बॉइज” म्हणायचे. जेकब वेनराइट हाही नाशिकचाच, तो मागून पाठवलेल्या तुकडीतून आला. मे 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली वेनराइटने, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. हृदय तिथे पुरलं, देह उन्हात वाळवला आणि त्याचे आफ्रिकी सोबती सुसी, चुमा, वेनराइट आणि बाकीच्यांनी तो महिनोन्महिने चालत, हजार मैलांहून जास्त अंतर, किनाऱ्यावर आणला. वह्या आणि उपकरणंही सांभाळून आणली. त्या वह्या आल्या नसत्या तर शेवटच्या सात वर्षांतलं बरंच काही तिथेच संपलं असतं. नाशिकमध्ये याचं काही ठळक दिसत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला बघायला आवडेल.

नावांचं म्हणाल तर लिओपोल्डव्हिलचं किन्शासा झालं, स्टॅनलीव्हिलचं किसांगानी, सॉल्सबरीचं हरारे. पण झांबियात धबधब्याजवळच्या शहराचं नाव अजून लिव्हिंगस्टनच आहे आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव मोसी-ओआ-टुन्या, म्हणजे धबधब्याचं स्थानिक नाव, तोच आवाज करणारा धूर. युनेस्कोच्या यादीत 1989 पासून धबधब्याची दोन्ही नावं एकत्र लिहिलेली आहेत, स्थानिक नाव आधी. झांबियावाल्यांनी शहराचं नाव बदललं नाही म्हणून इथे बसून नाक मुरडणारे लोक मला दिसतात, त्यांचा मला कंटाळा येतो. ठेवायचं की काढायचं हे तिथले लोक ठरवतील.